विज्ञानातील पंक्तिप्रपंच

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१४ चे साहित्य अकादमीचे पारितोषिकही त्यास लाभले. इतक्या गाजलेल्या ग्रंथाकडे आज पुन्हा वळण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. २० मे २०२५ रोजी ग्रंथकार दिवंगत झाले, तेव्हा त्यांच्या विद्वत्तेचा व विनयाचा गौरव यथास्थित झाला. परंतु विज्ञानाच्या पंक्तीत कोणाचे पान कोठे मांडले जाते, याविषयी हा ग्रंथ जे सांगतो त्याची चर्चा निदान आमच्या वाचनात तरी आली नाही.

बनारस, केंब्रिज, मुंबई व पुणे ही ती चार नगरे. त्यांपैकी केंब्रिजचा भाग सर्वांत रसाळ उतरला आहे. १९६१ च्या प्रारंभी मार्टिन राइल यांनी आकाशातील रेडिओ-उद्गमांच्या गणनेवरून असे जाहीर केले की, फ्रेड हॉइल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत आता टिकत नाही. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेब्रुवारीतील सभेत त्यास उत्तर द्यावयाचे होते. हॉइल यांचे त्या दिवशी अन्यत्र व्याख्यान असल्यामुळे ते काम त्यांनी आपल्या बावीस वर्षांच्या हिंदी शिष्यावर सोपविले, व शिष्याने ते पार पाडले.

याच सोसायटीत जानेवारी १९३५ मध्ये चोवीस वर्षांचे चंद्रशेखर उभे राहिले होते. एडिंग्टन यांनी त्यांचे गणित हसण्यावारी नेले, आणि ज्यांना ते गणित बरोबर वाटत होते त्यांच्यापैकीही कोणी उघडपणे बोलला नाही. त्याच संशोधनक्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हा भाग निराळा. या सव्वीस वर्षांत सोसायटी उदार झाली, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्हांस तो मान्य नाही. चंद्रशेखरांच्या पाठीशी हॉइल नव्हते, एवढाच काय तो फरक! गुरूच्या कृपेने मिळालेले व्यासपीठ हे भाग्य खरे, पण त्यास हक्क म्हणता येत नाही.

ग्रंथकार हे सारे विलक्षण शांतपणे सांगतात. कटुता नाही, आत्मप्रौढी नाही. तथापि आमची तक्रार याच शांतपणाविषयी आहे. ज्या सिद्धांताची त्यांनी जन्मभर पाठराखण केली, तो १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण सापडल्यानंतर बहुतेक ज्योतिर्विदांनी सोडून दिला. तो सिद्धांत खरा की खोटा हे ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु प्रचलित मताविरुद्ध निरीक्षणे मांडणाऱ्या हॉल्टन आर्प यांना पुढे पालोमारच्या दुर्बिणीवर वेळ मिळेनासा झाला व ते अमेरिका सोडून जर्मनीस गेले, तेव्हा प्रश्न केवळ मताचा राहिला नव्हता. २००४ साली प्रचलित विश्वरचनाशास्त्राबाहेरच्या कल्पनांनाही साधने व द्रव्य मिळावे असे जाहीर पत्र निघाले, त्यावर डॉ. नारळीकरांची सही आहे. दुर्बिणीच्या रात्री मोजक्याच असतात, त्या सर्वांस वाटता येणार नाहीत, हा उलट पक्षही पोकळ नाही. मत नाकारणे कोठे संपते आणि साधन नाकारणे कोठे सुरू होते, या वादाचा फडशा पाडण्यास त्यांच्याइतका अधिकारी लेखक मराठीत दुसरा नव्हता. आणि नेमका तेथे त्यांचा हात आखडता झाला आहे.

हा वाद केवळ आकाशातला नव्हे. घाटकोपर-चेंबूरकडे ट्राँबेच्या भाभा केंद्राशी संबंध असलेली घरे पुष्कळ सापडतील. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर डॉ. राजगोपाल चिदंबरम् यांस अमेरिकेचा प्रवेशपरवाना मिळाला नाही. त्यांना जावयाचे होते ते स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या बैठकीस! आता अणुचाचणी करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखास इतर राष्ट्रांनी संशयाने पाहू नये, असे आम्ही म्हणत नाही; पण स्फटिकांच्या चर्चेने कोणाची तटबंदी ढासळणार होती, हे आम्हांस उमगत नाही. त्याच वेळी स्वतःकडेही पाहावयास हवे. आपल्या अणुसंशोधनावरील गुप्ततेच्या पडद्याविरुद्ध मेघनाद साहांनी १९५४ साली लोकसभेत आवाज उठविला होता, आणि १९६२ च्या कायद्यानेही तो पडदा राखलाच. दुसऱ्याच्या दारात ताटकळल्याची तक्रार करणाऱ्याने आपले दार किती उघडे आहे हे विसरून कसे चालेल?

म्हणूनच पुण्याचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. १९८८ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने स्थापिलेल्या ‘आयुका’चा उद्देशच असा की, देशातील कोणत्याही विद्यापीठातील अध्यापकाने तेथे येऊन ग्रंथालय व संगणक वापरावा, बाहेरच्या तज्ज्ञांशी बरोबरीने बोलावे. जुन्नरनजीक गिरवली येथील दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेतील ‘सॉल्ट’ या महादुर्बिणीतही संस्थेने भागीदारी घेतली. तेथे निरीक्षणाची रात्र कोणाच्या मेहरबानीने मिळत नाही, वाट्याने मिळते. या संस्थेच्या उभारणीची हकीकत ग्रंथकारांनी मनापासून लिहिली आहे. इतका जाडजूड ग्रंथ हाती घेण्यास जे कचरत असतील त्यांनी ती आधी वाचावी आणि केंब्रिजकडे मागाहून जावे.