पत्त्यांचे अजिंक्यवीर आणि पत्त्यांचे मालक

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. वर्षातून निदान एक दिवस तरी शास्त्रानेच खेळाला उघड मुभा दिलेली असल्यामुळे दिवाळीच्या अंकात पत्त्यांवर लिहिताना कोणी संकोच बाळगू नये. मात्र मी ज्या पत्त्यांविषयी लिहिणार आहे, त्यांत राजा, राणी, गुलाम नाहीत आणि हुकूमही नाही. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाच्या अमेरिकेतील राष्ट्रीय अजिंक्यपदाचा इतिहास हा माझा विषय आहे. ग्रंथाचे किंवा नाटकाचे गुणदोष पाहावेत तसे स्पर्धेचेही पाहावेत, इतकी ही स्पर्धा मला विचार करण्याजोगी वाटते.

प्रथम खेळाचे स्वरूप सांगतो. आपण मेंढीकोट खेळायला बसतो तेव्हा मधे ठेवलेला कॅट सर्वांचा असतो. तो कोणाच्या घरून आला याला काही महत्त्व नसते. या खेळात प्रत्येक जण आपापला कॅट घेऊन येतो. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने हा खेळ रचला आणि १९९३ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. पाने बंद पाकिटांतून विकली जातात. काही सर्रास सापडतात, काही दुर्मिळ. ती विकत घ्यावीत, मित्रांशी अदलाबदल करावी आणि जमलेल्या संग्रहातून निदान साठ पानांचा कॅट बांधावा, अशी ही रीत. खेळणारे दोघे म्हणजे दोन जादूगार. प्रत्येकाचे प्राण वीस; समोरच्याचे शून्यावर आणले की जिंकले. प्रत्येक पानावर त्याचा स्वतंत्र नियम छापलेला असतो. त्यामुळे निम्मा खेळ प्रतिस्पर्धी भेटण्यापूर्वी घरीच, कॅट बांधताना खेळला जातो.

मूळ नियमांत पण लावण्याचीही सोय होती. दोघांनी आपले एकेक पान बाजूला ठेवायचे आणि जिंकणाऱ्याने दोन्ही घेऊन जायचे. धर्मराजाची आठवण करून देणारी ही चाल स्पर्धांनी सोडून दिली, हे बरेच झाले. पण द्यूत गेले तरी खरा प्रश्न उरलाच. पाने जर विकत घ्यायची, तर जिंकते कोण? बुद्धी की थैली?

या स्पर्धांचे नियम वाचताना मला दिसते की ते करणारे याच प्रश्नाशी झगडत होते. १९९४ साली ठरले की एकाच नावाची चाराहून अधिक पाने कॅटमध्ये ठेवायची नाहीत आणि अतिप्रबळ अशी काही पाने एकेकच ठेवायची. १९९५ साली असा एक प्रकार निघाला, की ज्यात केवळ अलीकडच्या संचांतील पाने चालावीत. या नियमाला दोन तोंडे आहेत. नव्या पोराला जुनी, महागडी पाने शोधत हिंडावे लागू नये, हे एक. आणि जुन्या खेळाडूलाही दरसाल नवी पाने घ्यावी लागावीत, हे दुसरे. न्याय आणि नफा एकाच वाक्यात इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना क्वचितच पाहायला मिळतात.

अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद १९९४ साली बो बेल याने आणि १९९५ चे मार्क जस्टिस याने मिळवले. पुढे स्पर्धेची चांगली शिडी तयार झाली. गल्लीतल्या दुकानात खेळणाऱ्याने विभागीय सामने जिंकावेत, तेथून राष्ट्रीय स्पर्धेत जावे आणि तेथे जे पहिले येतील त्यांनी देशाचा संघ म्हणून जागतिक स्पर्धेला जावे. कोणा अनोळखी पोराला देशाचे नाव लावून खेळता यावे, हे या शिडीचे मोठेच यश म्हटले पाहिजे.

पण स्पर्धेचा खरा कस मला दिसतो तो तिच्या दुहेरी रचनेत. पुढील काळात काही फेऱ्या घरून बांधून आणलेल्या कॅटने खेळल्या जात आणि काही फेऱ्या तेथल्या तेथे निवडलेल्या पानांनी. या दुसऱ्या प्रकारात खेळाडू गोल बसतात. प्रत्येकाने एक बंद पाकीट फोडायचे, एक पान ठेवून घ्यायचे आणि बाकीची शेजाऱ्याकडे सरकवायची. शेजाऱ्याने त्यांतून एक घ्यायचे. अशी तीन पाकिटे संपली, की हाती आलेल्या पानांतून कॅट बांधायचा. येथे श्रीमंताच्या कपाटातला संग्रह कामाचा नाही. आपण काय ठेवले याइतकेच आपण काय सोडून दिले, आणि शेजारी काय सोडतो आहे, हेही ओळखावे लागते. माझ्या मते या खेळाची सारी प्रतिभा या गोल बैठकीत आहे.

स्पर्धेचा परमोत्कर्ष २००० सालचा. त्या वर्षी जॉन फिंकेल राष्ट्रीय अजिंक्यवीर झाला, आणि त्याच वर्षी ब्रसेल्सला जागतिक अजिंक्यवीरही झाला. अंतिम सामन्यात त्याच्यासमोर बसलेला बॉब मेहर हाही अमेरिकनच, आणि दोघांचे कॅट जवळजवळ एकसारखे! थैलीचा प्रश्न तेथे आपोआप मिटला; उरली ती केवळ खेळी. अमेरिकेच्या चौघांच्या संघानेही त्या साली सांघिक अजिंक्यपद मिळवले. त्या चौघांपैकी एरन फॉर्साइथ पुढे याच कंपनीत नवी पाने घडवणाऱ्यांचा प्रमुख झाला. २००६ साली पॉल चिऑन, २००७ साली ल्युईस स्कॉट-वर्गस आणि २००८ साली मायकेल जेकब अशी विजेत्यांची परंपरा चालत राहिली. २००८ मध्ये जेकब, चिऑन आणि सॅम्युएल ब्लॅक या तिघांनी मेम्फिसला पुन्हा सांघिक अजिंक्यपद आणले.

आणि मग २०११ नंतर ही स्पर्धा बंदच झाली. कारण खेळाडू कमी पडले असे नव्हे. कंपनीने स्पर्धांची मांडणी बदलली, इतकेच. २०१२ पासून देशोदेशींच्या संघांचा जागतिक चषक सुरू झाला, पण त्यासाठी संघ निवडण्याची रीत निराळी होती. राष्ट्रीय अजिंक्यवीर असा कोणी उरला नाही. २०१७ साली राष्ट्रीय स्पर्धा परत आली, २०१८ साली झाली, आणि चषकासह पुन्हा नाहीशी झाली. २०२२ पासून अमेरिकाभरच्या खेळाडूंसाठी मोठे सामने होऊ लागले, पण त्यांचे नाव ‘विभागीय’. एवढा खंडप्राय देश, आणि तो एक विभाग!

माझा आक्षेप आहे तो येथे. बुद्धिबळाला मालक नाही. सोंगट्या कोणीही कराव्यात, पट कोणीही मांडावा. म्हणून देशाचे अजिंक्यपद कोणा एका कारखानदाराच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. येथे मात्र पाने कंपनीची, नियम कंपनीचे आणि किताबही कंपनीचाच. कंपनीने खेळ दिला, मोठी बक्षिसे दिली, हे मी नाकारत नाही. परंतु सतरा-अठरा वर्षे जोपासलेला राष्ट्रीय किताब एका व्यापारी निर्णयाने पुसला जातो, तेव्हा तो किताब राष्ट्राचा कधीच नव्हता, हे कबूल करावे लागते. खेळाडूंची स्वतःची मंडळे असती, तर ‘अजिंक्यवीर’ या शब्दाचे रक्षण त्यांनी केले असते.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा आहे असे समजू नये. पोकेमॉनची पाकिटे आपल्याही घरांत आली आहेत. या सुटीत एखाद्या भाच्याने आपली पाने सतरंजीवर पसरली, तर त्यांची किंमत विचारून त्याला हिरमुसला करू नका. सर्वांची पाने एकत्र पिसून सारखे गठ्ठे करा, गोल बसा, आणि एकेक पान ठेवून बाकीची शेजाऱ्याकडे सरकवा. त्या बैठकीचे नियम तरी तुमच्या घरचे असतील.