जीभ भाजणारी आठवण

आठवण ही साहित्याची जुनी पुंजी आहे, असे म्हणतात. ते खरेच आहे. परंतु त्या पुंजीतील खाण्यापिण्याच्या आठवणी दुधासारख्या असतात. नीट तापवल्या नाहीत तर फार लवकर नासतात. आजीच्या स्वयंपाकघरातील बन, बिस्किटे आणि केक यांविषयी इंग्रजीत जे विपुल लेखन होत असते, ते वाचताना आम्हांला याची वारंवार जाणीव होते. पोटात जॅम भरलेला रासबेरी बन, दोन बिस्किटांमध्ये जॅमचा थर देऊन वर साखरेचा पांढरा लेप चढवलेले आणि मधोमध चेरी बसवलेले एम्पायर बिस्कीट, हे या लेखनाचे नायक. भट्टीची ऊब, आजीचा ॲप्रन, पावसाळी दुपार आणि चहाची किटली ही ठरलेली पार्श्वभूमी. वाचताना तोंडाला पाणी सुटते, क्वचित डोळ्यांनाही सुटते; आणि पुस्तक मिटल्यावर हाती काहीच उरत नाही. असे का व्हावे, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजले आहे.

विषय क्षुल्लक आहे, असा आक्षेप प्रथमच येईल. त्याला उत्तर म्हणून आम्ही मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराचे नाव पुढे करतो. त्याच्या सात खंडांच्या कादंबरीचा पहिला खंड १९१३ साली प्रसिद्ध झाला. चहात भिजवलेल्या मादलेन नावाच्या छोट्या केकच्या एका घासातून नायकाचे सारे बालपण जागे होते, हा त्यातील प्रसंग जगप्रसिद्ध आहे. मात्र त्याच्या मृत्यूनंतर १९५४ साली प्रकाशात आलेल्या आधीच्या लेखनात याच प्रसंगी मादलेन नाही. तेथे भाजलेल्या पावाचा साधा तुकडा आहे. म्हणजे पदार्थ बदलला, अनुभव तोच राहिला. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पहिल्या घोटाने जे हलते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या घोटाने क्षीण होत जाते, हे नायकाच्या ध्यानात येते. तो पेला खाली ठेवतो आणि मनाच्या तळाशी काय आहे ते कष्टाने शोधू लागतो. प्रूस्तचे अनुकरण करणाऱ्या बहुतेकांनी पहिला घोट घेतला आणि तेथेच लेखणी थांबवली. शोधण्याचे कष्ट त्यांनी प्रूस्तवरच सोपवले.

आता एका अगदी साध्या पुस्तिकेकडे वळू. न्यूकॅसलच्या थॉमस बेल यांनी १८७५ साली किराणा आणि चहाचा व्यापार सुरू केला. त्यांच्या 'बेल्स रॉयल' या नावाच्या मालात बेकिंग पावडर आणि आपोआप फुगणारे पीठ होते. असे पीठ ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी १८४५ सालीच शोधले होते. सातवा एडवर्ड १९१० साली निवर्तल्यावर व्यापारी नावात राजेशाहीचा उल्लेख करण्यास मज्जाव झाला. तेव्हा दोन्ही शब्दांची पहिली अक्षरे जोडून 'बी-रो' हे नाव तयार करण्यात आले. १९२० नंतरच्या काळात या पिठाची प्रदर्शने भरू लागली. तेथील ताजे पदार्थ चाखून बायका कृती मागू लागल्या, आणि त्यांतून ही पाककृतींची पुस्तिका जन्मली. ती फुकट वाटली जाई. पुढे घरोघर पोहोचवली गेली. आजवर तिच्या चाळीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या आहेत. उत्तर इंग्लंडमधील कित्येक घरांत तिची लोण्याने डागाळलेली, पाने सुटलेली प्रत आईकडून मुलीकडे आली आहे.

या पुस्तिकेत रासबेरी बनची कृती आहे. अशा बनासाठी सुमारे सव्वादोनशे ग्रॅम पीठ, त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी लोणी अथवा मार्गारिन, साधारण तितकीच साखर, एक अंडे आणि लागेल तेवढे दूध एवढाच सरंजाम लागतो. लोणी पिठात बोटांनी चोळायचे, घट्टसर गोळे करायचे, प्रत्येक गोळ्यात खळगा पाडून त्यात थोडासा जॅम घालायचा, कडा चिमटीने मिटवायच्या आणि कडक भट्टीत दहा-पंधरा मिनिटे भाजायचे. यीस्ट नाही, आंबवण नाही, वाट पाहणे नाही. जॅम थोडाच का, याला कारण आहे. जॅममध्ये निम्म्याहून अधिक साखर असते. भट्टीत तो उकळून फसफसतो आणि जास्त झाला तर तोंड फोडून बाहेर येतो. शिवाय पीठ निवले तरी आतला जॅम बराच वेळ तप्त राहतो. घाईने चावा घेणाऱ्याची जीभ हमखास भाजते.

ही भाजलेली जीभ आम्हांला समीक्षेची कसोटी वाटते. जॅमच्या बनाची ज्याला खरी आठवण आहे, त्याला त्या चटक्याचीही आठवण असणार. ज्या लेखात केवळ ऊब आहे आणि चटका कोठेच नाही, तो लेख बन खाऊन लिहिलेला नसून बनाचे चित्र पाहून लिहिलेला आहे, असे खुशाल समजावे.

या कसोटीवर बी-रोची पुस्तिका आश्चर्य वाटावे इतकी उतरते. ती आठवणीविषयी अवाक्षर काढत नाही. आजी नाही, पाऊस नाही, किटली नाही. घ्या, चोळा, भरा, मिटवा, भाजा, एवढेच ती सांगते. आणि तिने काही सांगितले नाही म्हणूनच वाचकाला आपले बालपण तिच्यात ठेवायला जागा मिळते. भावना स्वतः बोलून दाखवण्याऐवजी ती वाचकाच्या हातांना कामाला लावते. गद्याचा हा गुण अनेक नावाजलेल्या ललितलेखकांत आम्हांला सापडत नाही.

मात्र गौरव करताना तिचे दोष झाकणे योग्य नव्हे. ती अखेर जाहिरात आहे. प्रत्येक कृती एकाच कारखान्याच्या पिठाकडे बोट दाखवते. आणि तिच्यात जे नाही तेही लक्षात घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर आली. मार्च १९४१ मध्ये जॅमचीही पाळी आली. प्रमाणे बदलत राहिली. तरी बराच काळ एका माणसाला आठवड्याला सुमारे ५० ग्रॅम लोणी आणि जेमतेम एक ताजे अंडे मिळे. साखरेचे बंधन सप्टेंबर १९५३ मध्ये सुटले आणि संपूर्ण शिधावाटप जुलै १९५४ मध्ये संपले. वरची कृती या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. एका खेपेच्या बनांसाठी घरातील एका माणसाचे आठवड्याचे अंडे खर्ची पडत होते. ते कोणाचे? कोणी आपल्या वाट्याचे लोणी मुलांच्या बनात चोळले आणि स्वतः कोरडा पाव खाल्ला? युद्धकाळातील बालपणाची गोड वर्णने करणाऱ्या लेखकांनी हा प्रश्न विचारायला हवा होता. पुस्तिकेला तो विचारण्याचे कारण नव्हते, साहित्याला होते.

दुसरा चटका एम्पायर बिस्किटाचा. स्कॉटलंडमध्ये हे बिस्कीट आजही आवडीने खाल्ले जाते. त्याचे पूर्वीचे नाव लिंझर किंवा जर्मन बिस्कीट असे होते. पहिल्या महायुद्धात जर्मन शब्दाचा उच्चारही असह्य झाला आणि बिस्किटाला साम्राज्याचे नाव मिळाले. न्यूझीलंडमध्ये तशाच बिस्किटाला बेल्जियन म्हणतात. त्याच लाटेत १९१७ साली खुद्द ब्रिटिश राजघराण्यानेही आपले जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतले. पीठ तेच, जॅम तोच, हात तेच. फक्त शेजाऱ्याचे नाव पुसले गेले. आजीच्या एम्पायर बिस्किटांविषयी भरभरून लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो नकळत त्या पुसण्यातच सहभागी होतो.

वास्तविक लिंझ हे ऑस्ट्रियातील गाव, आणि त्याच्या नावाच्या केकचा इतिहास मोठा आहे. बदामासारख्या कवचफळांची पूड घातलेले पीठ, त्यावर जॅम आणि वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी, असे त्याचे आजचे रूप. त्याची सर्वांत जुनी ज्ञात कृती १६५३ सालची आहे. ती आडमोंट येथील बेनेडिक्टाइन मठाच्या संग्रहातील एका हस्तलिखितात २००५ साली सापडली. साडेतीनशे वर्षे कोणा संन्याशांच्या ग्रंथालयात एका केकची कृती निजून राहिली, ही गोष्ट आमच्यासारख्या धर्मगुरूला विशेष आनंद देते. जे लिहिले गेले ते उशिरा का होईना सापडले. जे केवळ बोलले गेले ते युद्धाच्या एका फुंकरीने नाव बदलून बसले.

तिसरे उदाहरण एलिझाबेथ डेव्हिड यांचे. इंग्लंडमधील पाव आणि यीस्टच्या पदार्थांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९७७ साली निघाला. १९६१ साली तेथे पाव झटपट तयार करण्याची चॉर्लीवूड पद्धत आली आणि जुन्या धाटणीचा पाव मागे पडू लागला. त्या ऱ्हासाविरुद्ध हा ग्रंथ उभा आहे. बाईंना जुन्याचे प्रेम आहे. पण त्या उसासे टाकत नाहीत. गहू, गिरण्या, भट्ट्या, वजने यांचा कसून अभ्यास मांडून मगच त्या कृतींकडे येतात. त्यांच्या लेखणीत थोडा तुसडेपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. कारखान्याचा पाव घेण्यावाचून ज्या गृहिणीला गत्यंतर नव्हते, तिच्याविषयी आणखी कळवळा असता तर ग्रंथ अधिक थोर झाला असता. तरी जुने चांगले होते असे म्हणणाऱ्याने ते कशामुळे चांगले होते हे सिद्ध करावे, हा धडा त्या देतात. १९६० साली बाजारात आलेले जॅमी डॉजर हे कारखान्याचे बिस्कीट येथे आठवते. त्याच्या लाल खिडकीतून दिसणारा जॅम कित्येक वर्षे दुसऱ्याच फळाचा होता; रासबेरीची केवळ चव दिलेली असे. स्मरणरंजनपर लेखनाचीही बहुधा तीच तऱ्हा असते. रंग आठवणीचा, चवही आठवणीची, आणि आतले फळ भलतेच.

हे सारे आम्ही दुसऱ्यांना शिकवण्याच्या थाटात लिहीत आहोत, असे वाचकांनी समजू नये. काही वर्षांपूर्वी नाताळच्या एका कार्यक्रमात आम्ही आमच्या आईच्या हातच्या केकविषयी बोललो. पातेल्याच्या खाली निखारे, झाकणावर निखारे, घरभर दरवळ, असे ते रसाळ वर्णन होते. टाळ्याही मिळाल्या. कार्यक्रमानंतर आमच्या गावच्या एक वृद्ध बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "फादर, वास चांगला आठवला तुम्हांला. झाकण उचलताना तुमच्या आईचा हात भाजायचा, तो नाही आठवला?" आम्हांला आठवला. मनगटाच्या वरचा तो काळपट डाग आम्ही लहानपणी रोज पाहिला होता. भाषणात तो आला नाही, कारण त्याने भाषणाची गोडी कमी झाली असती. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. खाद्यपदार्थांचे स्मरणलेखन त्याज्य नाही. ते अपुरे असते. चव ही त्याची सुरुवात आहे. त्या चवीमागचा हात, त्या हाताची तंगी, त्या पदार्थाचे खरे नाव आणि खरे माप इथपर्यंत जो पोहोचतो, त्याचेच लेखन टिकते. एवढे साधत नसेल तर लेखकाने निदान कृती तरी अचूक लिहावी. बी-रोच्या पुस्तिकेने तेवढेच केले, आणि तीन-चार पिढ्यांचे प्रेम मिळवले.

आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत नेवऱ्या, कुळकुळे, दोदोल यांच्या कृती अजून पुष्कळशा तोंडीच आहेत. काही जुन्या वह्यांत आहेत, पण तेथे 'अंदाजाने' या एका शब्दात सगळे माप बुडालेले असते. केकचे मिश्रण डब्यात घालून रात्री बेकरीत भाजायला नेण्याच्या दिवसांविषयी पुष्कळ हळवे बोलले जाते; त्या डब्यात काय आणि किती होते, हे सांगणारे थोडे. येत्या नाताळात आपल्या घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसावे. माप विचारावे. साखर कोठून येई, महाग झाली की काय करीत, तेही विचारावे. आणि तिच्या हातावर डाग असेल तर तो कशाचा, हे विचारायला लाजू नये. त्या वहीतील पहिले पान कदाचित ओबडधोबड होईल. पण ते वाचताना कोणा नातवाची जीभ थोडी भाजली, तर ते साहित्य झाले असे आम्ही समजू.