काळ्या पार्श्वभूमीवरची देवळे

शिल्पांवरची अलीकडची गुळगुळीत कागदाची पुस्तके चाळताना दर वेळी तीच चीड येते: मूर्तीमागची भिंत गेली कुठे? दिव्यांचा झोत टाकला, पार्श्वभूमी काळी केली, की घारापुरीचा अजस्र सदाशिव टेबलावरच्या पेपरवेटएवढा होऊन पानावर बसतो. शेजारी मजकूर असतो: हात किती, आयुधे कोणती, जटामुकुटात काय. गो. बं. देगलूरकरांनी मराठी वाचकाला मूर्ती ओळखायला शिकवले, हे ऋण मोठेच. मागून आलेल्यांनी मात्र त्यातली यादी तेवढी उचलली.

घारापुरीचेच घ्या. आपण उत्तरेकडून शिरतो, समोर दक्षिणेच्या भिंतीत सदाशिव, आणि लेणे त्याच्यासाठीच खोदले अशी समजूत करून घेऊन परततो. पण लिंगाचे गर्भगृह त्या रेषेवर नाहीच. चारी बाजूंना दारे, दारांशी थोराड द्वारपाल, असे ते पश्चिमेकडे उभे आहे. पूर्वेच्या अंगणातून या, मग लिंग थेट समोर येते आणि सदाशिव डाव्या हाताला खांबांआड राहतो. एकाच मंडपात दोन वाटा एकमेकींना छेदतात आणि चालणाऱ्याला ठरवू देत नाहीत, की देव नेमका कोणता. चार पावले सरकलात तर एक खांब एक शिल्प झाकतो, दुसरे उघडतो. बाजूंनी येणारा उजेड दिवसभर जागा बदलतो. सकाळी ठसठशीत दिसलेला खांदा दुपारी भिंतीत विरतो. कोरणाऱ्यांनी हा अंधारही कामाला लावला होता.

हे ज्यांना कळले त्यांत जॉर्ज मिशेल आणि कार्मेल बर्कसन यांचे १९८३चे घारापुरीवरचे पुस्तक मी वर ठेवतो. बर्कसन स्वतः शिल्पकार. त्यांचा कॅमेरा मूर्तीपुढे हात बांधून उभा राहत नाही, तिच्याभोवती फिरतो. स्टेला क्रामरिश यांनी मंदिराचे तत्त्व सांगितले, पण त्यांच्या मंदिरात पायांना काम थोडे. लेणे कलचुरींचे की आणखी कुणाचे, हा वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा. कैलास लेण्याला परग्रहवासी चिकटवणाऱ्या व्हिडिओंवर शाईही नको.

माझे खरे भांडण ‘शुद्ध कलास्वादा’शी आहे. परळची शिवमूर्ती १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडली. मूळ मूर्ती बारादेवीच्या देवळात, पूजेत. तिची प्लास्टरची प्रतिकृती वस्तुसंग्रहालयात. अभ्यासक प्रतिकृतीपुढे निवांत उभे राहतात आणि देवळातल्या हळद-कुंकवावर, हारांवर नाक मुरडतात. का म्हणून? हार घालणाऱ्या बाईला मूर्तीची उंची मान वर करून कळलेली असते. वारकरी तासन्‌तास रांगेत सरकतो आणि क्षणभर विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकतो. त्या वेळी त्याला चेहरा दिसतही नाही. हा शिल्पाचा अनुभव नव्हे, असे म्हणणाऱ्याने शिल्प म्हणजे फक्त चेहरा असे आधीच ठरवलेले असते. भक्ताचे पाहणे अडाणी आणि आमचे रसिक, ही वाटणी मला मान्य नाही. या शिल्पांची मापे त्याच्या वाकण्या-वळण्याला धरूनच घेतलेली आहेत.

तेव्हा प्रकाशकांनो, पुढच्या पुस्तकात पहिल्या पानावर लेण्याचा आराखडा छापा आणि प्रत्येक छायाचित्राखाली लिहा: कुठे उभे राहून, किती वाजता. त्यासाठी दहा रंगीत पाने कमी झाली तरी चालतील.