मेजाखालचा वाटा

देवाशी भांडणे मराठी वाचकाला नवे नाही. नामदेव नैवेद्य खाल्लाच पाहिजे म्हणून अडून बसतो, जनाबाई विठ्ठलाला खुशाल शिव्या देते. पण ते भांडण घरातले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातली कनानी बाई परकी आहे, ओळखपाळख काही नाही. म्हणूनच तिचे भांडण मला जास्त देखणे वाटते.

प्रसंग जेमतेम 8 वचनांचा. येशू सोर-सिदोनच्या मुलखात गेला आहे. मुलीला भूत लागले म्हणून ही आई ओरडत मागे येते. तो अवाक्षरही बोलत नाही. हिला एकदाची वाटेला लावा, म्हणून शिष्य कुरकुरतात. मग तो सांगतो, मला इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांसाठीच पाठवले आहे. बाई जवळ येऊन पाया पडते. आधी तिने दाविदाचा पुत्र म्हणून मानाने हाक मारली होती. आता नुसतीच मदत मागते. नकार वाढतो तशी तिची भाषा आखडत जाते, पाऊल मात्र पुढेच पडते.

मग ते बोचरे वाक्य येते, मुलांची भाकरी कुत्र्यांना घालण्याबद्दलचे. काही भाष्यकार ते मऊ करू पाहतात. करू नये. बोच काढली की बाईच्या उत्तराची धारही गेली. ती म्हणते, खरे आहे, पण धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्रीही खातात. साक्रीकडच्या घरात ताटे जमिनीवर मांडली की पिल्लू कडेला येऊन बसते. भाकरी मोडली की चुरा पडतोच. त्याला कोणी वाढत नाही, कोणी हुसकावतही नाही. बाईने नेमके हेच हेरले. अपमान तिने झटकला नाही. त्याच शब्दांत स्वतःला त्या घरातली ठरवून घेतले. लायकीचा दावा ती करतच नाही. तिचा सगळा भरवसा मेजावर अन्न भरपूर आहे यावर.

मार्क हीच गोष्ट सातव्या अध्यायात सांगतो, पण तिथे येशू आधी मुलांना जेवू दे म्हणतो. म्हणजे दार थोडे उघडेच. मत्तय ते लावून घेतो, म्हणून नाट्य त्याचे सरस.

नम्रतेवर बोलायचे तर उपदेशकांना लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार हाताशी असतो. दूर उभा राहून छाती बडवणारा. पण तो वसुलीच्या जोरावर लोकांना नमवणारा माणूस होता. त्याने मान खाली घालावी यात अर्थ आहे. आपल्याकडे मात्र पिंपळनेरपासून नवापूरपर्यंतच्या पट्ट्यात भिल्ल, मावची वस्त्यांमधून ख्रिस्ती मंडळ्या आहेत. तिथे वनहक्काचा दावा घेऊन कचेरीच्या ओट्यावर ताटकळणाऱ्या माणसाला मान खाली घालायला काय शिकवायचे? ते त्याला जन्मापासून येते. त्याला हवी आहे ही बाई, गुडघ्यावर बसूनही बोलणे न सोडणारी.

असे बोलणे आपल्याला नवे नाही. कवी ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, ते तुकोबांचे ऋण मान्य करूनच. त्यांच्यामुळे मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग रुजला आणि त्याबरोबर देवापाशी लडिवाळपणे हट्ट धरण्याची रीतही. ती असताना आपल्या प्रार्थना अर्जासारख्या का होतात, कळत नाही.

गोष्टीच्या शेवटी येशू या बाईचा विश्वास वाखाणतो. विश्वासाची एवढी वाखाणणी मत्तयात तो दोघांचीच करतो, कफर्णहूमचा शताधिपती आणि ही बाई. दोघेही परके. जकातदारावर पुष्कळ रविवार खर्ची पडले. आता एखादा या बाईला द्या, आणि तिचे उत्तर कुणातरी आईकडून मोठ्याने वाचून घ्या.