गीतातल्या मुक्या तोफा

वाबाश नदीकाठी ४ नोव्हेंबर १७९१ रोजी अमेरिकन फौजेचा धुव्वा उडाला. त्यावरचे ‘सेंट क्लेअर्स डिफीट’ हे लोकगीत म्हणजे तिकडचा पोवाडाच म्हणा ना! तोफगोळे सरले, तोफची कामी आले, हे सांगणारे कडवे मला त्यात सर्वांत खरे वाटते. दाट रानात तोफांना नेम सापडेना. झाडाआडच्या बंदुकांनी मात्र तोफची अचूक टिपले. सैनिक मेले सहाशेंवर, शाहीर नऊशे मोजतो. शोकाच्या भरात तेही चालेल. खटकते ते निराळेच. स्वतःच्या भूमीसाठी लढून जिंकलेले मायामींचे लिटल टर्टल आणि शॉनींचे ब्लू जॅकेट गीतात दिसत नाहीत. ऐकू येतात त्या केवळ रानटी आरोळ्या. तोफा कोणी मुक्या केल्या, हे न सांगणारे रणगीत मला अपुरेच वाटते.