एलसीसीमधील अरीना: आधी आयुर्मान, मग वेग

कंपायलर डिझाइनच्या प्रात्यक्षिकात तुम्ही पार्सर लिहिता आणि सिंटॅक्स ट्रीच्या प्रत्येक नोडसाठी मॅलॉकने मेमरी घेता. तोंडी परीक्षेत प्रश्न येतो, "ही मेमरी फ्री कुठे केली आहे?" बहुतेकांकडे दोनच उत्तरे असतात. काहींनी संपूर्ण ट्रीवर फिरून एकेक नोड मोकळा करणारे फंक्शन लिहिलेले असते. बाकीचे "प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टीम सगळी मेमरी परत घेतेच" असे सांगून वेळ निभावून नेतात. या पाठात आपण तिसरे उत्तर तपासणार आहोत.

हे उत्तर एलसीसी या सी भाषेच्या कंपायलरमध्ये सापडते. त्याचे लेखक ख्रिस्तोफर फ्रेझर आणि डेव्हिड हॅन्सन. त्यांनी 1995 मध्ये 'अ रिटार्गेटेबल सी कंपायलर' हे पुस्तक काढले. त्यात कंपायलरचा सोर्स आणि त्याचे स्पष्टीकरण एकत्र छापले आहे. मेमरी व्यवस्थापनाचे प्रकरण अगदी सुरुवातीला, दुसऱ्याच क्रमांकावर येते. हॅन्सन यांनी हे तंत्र त्याआधी 1990 मध्ये 'सॉफ्टवेअर: प्रॅक्टिस अँड एक्स्पिरियन्स' या नियतकालिकात मांडले होते. त्या लेखाच्या शीर्षकात 'वेगवान' हा शब्द आधी येतो आणि 'वस्तूंचे आयुर्मान' नंतर. माझ्या मते महत्त्वाचा क्रम याच्या उलट आहे. तो तसा का, हे आता पाहू.

१. रचना

एलसीसीमध्ये तीन अरीना आहेत: पर्म, फंक आणि एसटीएमटी. पर्ममधील वस्तू कंपायलेशन संपेपर्यंत राहतात. फंकमधील वस्तू चालू फंक्शनपुरत्या आणि एसटीएमटीमधील वस्तू चालू विधानापुरत्या असतात.

प्रत्येक अरीना म्हणजे मोठ्या ब्लॉक्सची साखळी. ब्लॉकमध्ये दोन पॉइंटर महत्त्वाचे: मोकळी जागा कुठून सुरू होते ते दाखवणारा आणि ब्लॉक कुठे संपतो ते दाखवणारा. 24 बाइट हवे असतील तर पहिला पॉइंटर 24 ने पुढे सरकवायचा आणि त्याची जुनी किंमत परत द्यायची, एवढेच काम. जागा संपली तरच नवा ब्लॉक घ्यावा लागतो आणि तो साधारण 10 किलोबाइटचा असतो. म्हणजे 24 बाइटच्या चारशेहून अधिक नोड्समागे मॅलॉकला एकदाच हाक मारावी लागते.

परत करणे त्याहून सोपे आहे. एकेका नोडला हात लावायचा नाही. अरीनाची संपूर्ण साखळी मोकळ्या ब्लॉक्सच्या यादीला जोडून द्यायची. साखळीत दोन ब्लॉक असोत की दोनशे, मोजकेच पॉइंटर बदलतात आणि तेवढ्याच वेळात काम होते.

२. गुण

वेग मिळतो हे खरे. पण वेगवान अलोकेटर इतर मार्गांनीही लिहिता येतो. या रचनेतले नवेपण दुसरीकडे आहे. मेमरी मागताना तुम्हाला किती बाइट हवे ते सांगावे लागते आणि किती काळ हवे तेही सांगावे लागते. मॅलॉक फक्त पहिला प्रश्न विचारतो. दुसऱ्याचे उत्तर फ्रीच्या हाकांमध्ये विखुरलेले असते आणि वाचणाऱ्याला ते शोधत बसावे लागते.

याचा फायदा एका उदाहरणातून दिसेल. एलसीसीच्या मुख्य लूपमध्ये प्रत्येक बाह्य घोषणा वाचून झाली की एसटीएमटी अरीना मोकळा केला जातो. त्यानंतर फंकही मोकळा होतो, पण एका अटीवर. डीबगिंगची माहिती तिसऱ्या किंवा वरच्या पातळीची मागितली असेल, किंवा क्रॉस-रेफरन्स हवा असेल, तर फंक तसाच ठेवला जातो, कारण तेव्हा फंक्शनच्या आतील चिन्हांची माहिती शेवटपर्यंत लागते. हजारो वस्तूंचे आयुर्मान येथे एका 'इफ'ने बदलले आहे. नोडगणिक फ्री लिहिले असते तर हाच बदल किती ठिकाणी करावा लागला असता, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणखी एक गुण लेखक स्वतः सांगतात: फ्रीची चिंता नसली की अल्गोरिदम साधे लिहिता येतात. ट्री जागेवर बदलण्याऐवजी नवा ट्री तयार करून परत करता येतो.

३. मर्यादा

आता टीकेचा भाग. आयुर्मान हाकेतच दिसते असे आपण वर म्हटले. पण एलसीसीच्या ट्री-विभागात हे पूर्ण खरे नाही. तेथे नोड तयार करणारे फंक्शन अरीनाचा क्रमांक 'व्हेअर' नावाच्या ग्लोबल व्हेरिएबलमधून घेते. त्याची नेहमीची किंमत एसटीएमटी असते.

'फॉर' लूपचे उदाहरण घ्या. त्यातील वाढीची राशी, म्हणजे 'आय प्लस प्लस' सारखा भाग, लूपच्या शरीराआधी वाचला जातो. पण त्याचा कोड शरीरानंतर यायला हवा. शरीरातील विधाने कंपाइल होताना एसटीएमटी अनेकदा मोकळा होईल. म्हणून हा ट्री फंकमध्ये ठेवावा लागतो. त्यासाठी 'टी-एक्स्प्र' नावाचे छोटे फंक्शन आहे. ते 'व्हेअर'ची किंमत तात्पुरती बदलते, राशी पार्स करून घेते आणि जुनी किंमत परत ठेवते.

युक्ती नेटकी आहे, पण तिची किंमत ओळखा. नोड तयार होतो त्या ओळीवर तो किती जगेल हे आता दिसत नाही. 'फॉर'साठी 'टी-एक्स्प्र' वापरायला कोणी विसरला तर सी भाषेचा कंपायलर चूक दाखवणार नाही. ब्लॉक मोकळ्या यादीत गेला तरी त्यातील जुने बाइट पुसले जात नाहीत. त्यामुळे लूपचे शरीर लहान असेल तर प्रोग्रॅम बरोबर चालल्यासारखा वाटू शकतो. शरीर मोठे झाले, तोच ब्लॉक पुन्हा वापरला गेला, की वाढीच्या राशीच्या जागी भलतेच काहीतरी सापडते. चाचणीत पास आणि प्रत्यक्ष वापरात नापास, अशी ही चूक असते.

मेमरी तपासणारी साधनेही येथे आपोआप मदत करत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो ब्लॉक अजून प्रोग्रॅमच्याच ताब्यात असतो. एलसीसीच्या लेखकांना याची कल्पना होती. चौथ्या क्रमांकाच्या आवृत्त्यांच्या सोर्समध्ये अलोकेटरचे दुसरे रूप दिले आहे. 'प्युरिफाय' हे मॅक्रो चालू केले की प्रत्येक वस्तू वेगळ्या मॅलॉकने घेतली जाते आणि वेगळी फ्री केली जाते. वेग जातो, पण चूक पकडता येते. तुमच्या प्रकल्पात अरीना लिहाल तेव्हा हे दुसरे रूप पहिल्याच दिवशी लिहा.

४. इतर कंपायलरांची साक्ष

वस्तूंची आयुर्माने एकात एक नीट बसत असतील तोवर अरीना चालतो. जीसीसी पूर्वी ऑब्स्टॅक वापरत असे. कल्पना अरीनाच्या जवळचीच: कायमचा एक, फंक्शनपुरता एक, तात्पुरता एक. पण फंक्शनचे ट्री इनलाइनिंगसारख्या कामांसाठी अधिक काळ ठेवावे लागतात, आणि कोणती वस्तू कोणत्या ऑब्स्टॅकवर जावी हे ठरवणे अवघड होत जाते. 2001 मधील 3.0 आवृत्तीपर्यंत जीसीसीने कंपायलरच्या मुख्य माहितीसाठी गार्बेज कलेक्शनचा मार्ग धरला होता.

क्लँगमध्ये वेगळी अडचण दिसते. तेथे ट्रीचे नोड अरीनात असतात आणि त्यांचे डिस्ट्रक्टर चालवले जात नाहीत. 64 बिटांहून मोठ्या पूर्णांकासाठी त्याची संख्या-वस्तू हीपवर वेगळी मेमरी घेते. असा पूर्णांक नोडमध्ये ठेवला तर नोड अरीनाबरोबर जातो, पण हीपवरची मेमरी अडकून राहते. म्हणून अशा संख्यांचे बाइट अरीनातच साठवणारा वेगळा वर्ग लिहावा लागला. यातून लक्षात ठेवायचा नियम असा: अरीनातील वस्तूने अरीनाबाहेरचे काही स्वतःच्या मालकीचे ठेवू नये.

रस्टच्या कंपायलरने अरीना ठेवला आणि एलसीसीतील मुख्य उणीव भरून काढली. तेथे अरीनातील माहितीच्या संदर्भांवर 'टीसीएक्स' हे आयुर्मानाचे नाव लिहिलेले असते. अरीना गेल्यानंतर तो संदर्भ वापरण्याचा प्रयत्न केला तर सुरक्षित रस्टमध्ये प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. जे एलसीसीत प्रोग्रॅमरच्या शिस्तीवर सोडले होते, ते येथे भाषा तपासते.

५. निष्कर्ष

एलसीसीचे हे प्रकरण अवश्य वाचा. अरीना इतक्या थोड्या ओळींत आणि इतक्या स्पष्टपणे मांडलेला मिळणे कठीण आहे. पण "अरीना वेगवान असतो" एवढेच घेऊन उठू नका. अरीना म्हणजे तुम्ही प्रोग्रॅममध्ये केलेले एक विधान आहे: या सर्व वस्तू एकाच वेळी निरुपयोगी होतील. विधान खरे असेल तर कोड सोपा होतो. खोटे असेल तर अरीना ते निमूटपणे ऐकून घेतो आणि किंमत नंतर वसूल करतो. पुढच्या वेळी परीक्षकांनी "फ्री कुठे केली?" असे विचारले तर ओळ क्रमांक दाखवून थांबू नका. त्या ओळीपर्यंत सर्व वस्तूंचे काम का संपलेले असते, तेही सांगा.

स्वाध्याय

1. 'व्हाइल' लूपची अट शरीराआधी वाचली जाते. एलसीसी तिच्या तपासणीचा कोड शरीरानंतर ठेवते. अटीचा ट्री कोणत्या अरीनात हवा? कारण द्या.

2. चिन्ह-सारणीतील ग्लोबल व्हेरिएबलची नोंद एसटीएमटीमधील नोडकडे निर्देश करते असे समजा. ही चूक कोणत्या चाचणीत दिसेल आणि कोणत्या चाचणीत दिसणार नाही?

3. तुमच्या स्वतःच्या पार्सरमधील प्रत्येक मॅलॉकसमोर त्या वस्तूचे आयुर्मान लिहा. तीन गटांत न बसणाऱ्या वस्तू कोणत्या, आणि का?