कुत्र्याच्या रक्तातले मार्कर आणि ‘इजा’ हा शब्द

कुत्र्यांच्या आजारांवरचे पेपर चाळताना एक साचा तुम्हाला सारखा भेटेल. आजारी कुत्र्यांचं रक्त घ्यायचं, निरोगी कुत्र्यांचं घ्यायचं, हायल्युरोनान, सिंडेकन-१, अँजिओपॉइटिन-२ यांतल्या दोन-तीन गोष्टी एलायझाने मोजायच्या. फरक दिसला की शेवटी लिहायचं, या आजारात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते. पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्याला हा साचा मोहात पाडतो. उरलेलं सीरम फ्रीझरमध्ये असतंच, किट मागवलं की झालं! माझी तक्रार त्या ‘इजा’ शब्दाबद्दल आहे.

रक्तवाहिनीच्या अस्तरावर, रक्ताच्या बाजूला, शर्करेच्या साखळ्या आणि प्रथिनं यांचा जेलीसारखा थर असतो, तो ग्लायकोकॅलिक्स. सेप्सिसमध्ये तो झडतो आणि त्याचे तुकडे रक्तात येतात. इथवर ठीक. पण रक्तातली पातळी म्हणजे आवक वजा जावक. हायल्युरोनान रक्तातून काढून टाकण्याचं मोठं काम यकृत करतं. यकृत बिघडलं, तर थर शाबूत असूनही आकडा चढेल. म्हणून तर हाच रेणू कुत्र्यांत यकृताच्या आजाराची खूण म्हणूनही तपासला गेलाय. आणि सेप्सिसच्या कुत्र्याचं यकृत बरेचदा धड नसतंच. तेव्हा असा पेपर हातात आला की आधी बिलिरुबिन आणि बाइल ॲसिडचे आकडे शोधा. ते नसतील, तर निष्कर्षाच्या पानावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

सिंडेकन-१ची गोष्ट वेगळी. ते अस्तराची मक्तेदारी नाही. त्वचेसारख्या आवरणपेशींवर आणि प्लाझ्मा पेशींवरही ते असतं. आपल्याकडे गोचिडांमुळे नेहमी दिसणारा एर्लिकिया घ्या. जुनाट एर्लिकियात प्लाझ्मा पेशी वाढतात. मग वाढलेलं सिंडेकन-१ नेमकं कुठलं? शिवाय त्याच आजारात प्लेटलेट घटतात. व्हीईजीएफसारखा मार्कर सीरममध्ये मोजाल, तर रक्त गोठताना प्लेटलेटमधून सुटलेला मालही मोजला जातो. प्लेटलेटच कमी, म्हणजे आकडाही कमी, आणि अस्तराचा त्यात काही संबंध नाही. सीरम की प्लाझ्मा, हे ‘पद्धती’ विभागात एका शब्दात उरकलेलं असतं. पण अख्खा निकाल त्यावर फिरू शकतो.

अँजिओपॉइटिन-२ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर अस्तराच्या पेशींत साठवलेले असतात. पेशी चेतवली की ते बाहेर पडतात. चेतवणं म्हणजे इजा नव्हे. त्यात डॉबरमनमध्ये व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची आनुवंशिक कमतरता नेहमीची, म्हणजे गटात चार डॉबरमन असले तरी सरासरी हलणार.

आता कंट्रोल गट. तो बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे कुत्रे. तरुण, लाडावलेले, खाऊन-पिऊन सुखी. त्यांच्यापुढे आजारी कुत्रा वेगळा दिसणारच. खरी तुलना हवी ती तितक्याच आजारी, पण दुसऱ्याच कारणाने आजारी असलेल्या कुत्र्यांशी. ते गोळा करायला वेळ लागतो, म्हणून टाळलं जातं.

हे मार्कर फालतू आहेत असं नाही. कुत्रा गंभीर आहे, हे त्यांतले काही चांगलं सांगतात. (लॅक्टेटही सांगतं, आणि त्याला छोटं मीटर पुरतं.)

मला सगळ्यात जास्त खटकते ती नमुन्याची वेळ. ग्रेहाउंड कुत्र्यांच्या रक्तस्रावी शॉकवरच्या २०१८ च्या प्रयोगात, मोठ्या प्रमाणात क्रिस्टलॉइड दिलेल्या गटात हायल्युरोनान वाढल्याचं दिसलं. म्हणजे रक्त सलाइनच्या आधी घेतलं की नंतर, यावर अर्थ बदलतो. बरेचदा ही वेळ पेपरात लिहिलेलीच नसते. आणि तोच पेपर वाचून एखादा डॉक्टर पुढच्या शॉकमधल्या कुत्र्याचं सलाइन कमी करायचं की नाही, ते ठरवत असतो.